तोंडात जाणाऱ्या सर्व गोष्टींची यादी

रविवार, २१ ऑगस्ट १९९४

ती. मोठ्या आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचा मला तसा काहीच अधिकार नाही. तरी लिहिते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. गेल्या सहा वर्षांत आमच्या घरातून आपल्याकडे एक ओळही गेली नाही, आणि आता जी जाते आहे ती कामापुरती, हे मला समजते. पाकीट न उघडता बाजूला ठेवावे असे आपल्याला वाटले तरी माझी तक्रार नाही. (अर्थात, तसे झाल्यास माझी तक्रार नाही हे आपल्याला कळणार कसे, हा प्रश्न उरतोच.)

मी परदेशी आल्याचे आपल्या कानावर असेल. इथल्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या दुरुस्तीशाळेत जुनी पुस्तके उसवणे, धुणे, शिवणे आणि पुन्हा बांधणे यांचे सहा महिन्यांचे शिक्षण मी घेत आहे. आजोबांच्या मांडीशी बसून जे शिकले तेच इथे नियमाने आणि घड्याळाच्या ठोक्यावर करायचे असते. शेवटी परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झाले तर आपल्या गावच्या ग्रंथालयात दुरुस्तीचे काम मला मिळेल आणि आजोबांच्या पश्चात चार वर्षे बंद असलेले बांधणीचे दुकान मला उघडता येईल. याखेरीज मला आयुष्यात दुसरे काही नको आहे.

अडचण पोटाची आहे. अकराव्या वर्षापासून मला गहू चालत नाही, हे आपण जाणताच. निदान झाले तेव्हा डॉक्टरांकडे मला आपणच नेले होते. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी दोन दिवस कळा, उलट्या आणि मग आठवडाभर अंगात त्राण नाही. घरी हे सर्वांच्या अंगवळणी पडले होते. इथे मात्र माझे दुखणे हे दुखणे नसून मत आहे, असा साऱ्यांचा समज आहे, आणि मतपरिवर्तन करणे हे प्रत्येकाला आपले कर्तव्य वाटते.

प्रवासापासूनच सुरुवात झाली. विमानात माझ्या ताटातला पाव हवाई सेविकेने माझ्यादेखत उचलला आणि तेच ताट, तेच चुरे, हसतमुखाने पुन्हा माझ्यापुढे ठेवले. इथे येण्यापूर्वी मी माझ्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडून इथल्या भाषेत एक अकरा ओळींचे पत्रक लिहून घेतले होते. त्यात गहू, मैदा, रवा, जव, त्यांचे अंश, त्यांचे चमचे, सारे काही व्याकरणशुद्ध आहे. एका उपाहारगृहातल्या वाढप्याने ते संपूर्ण वाचले, हळहळ व्यक्त केली आणि मैदा लावून दाट केलेले सूप आणून दिले. दुसऱ्याने विचारले की पांढरा पाव चालत नसेल तर तपकिरी आणू का. तिसऱ्याने वाचता वाचता एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. सर्वांचा शेवटचा प्रश्न एकच असतो, थोडेसे तर चालेल ना. आत्या, मी शांत स्वभावाची म्हणून वर्गात प्रसिद्ध होते. आता हा प्रश्न ऐकला की माझ्या हातापायांना मुंग्या येतात.

राहण्याची व्यवस्था शाळेच्याच वसतिगृहात आहे आणि खाणावळ तळमजल्यावर. तिथे पथ्याच्या जेवणासाठी वेगळी खिडकी आहे व ती एक फार उंच, फार कमी बोलणारी स्वयंपाकीण सांभाळते. मी तिथला भात, उकडलेले बटाटे आणि अंडी एवढेच घेते. तरीही ४ ऑगस्टला, गुरुवारी, आजारी पडले आणि १८ तारखेला, पुन्हा गुरुवारीच. शाळेच्या डॉक्टरांनी सांगितले आहे की आणखी दोनदा असे झाले तर प्रकृती शिक्षणास योग्य नाही असे लिहून मला परत पाठवण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. उद्यापासून तीन आठवडे मला बांधणीच्या टेबलावरून कागद धुण्याच्या विभागात घातले आहे; दिवसभर ओट्याशी उभे राहायचे आहे. अशा अशक्तपणात ते कसे निभावेल कोण जाणे.

आपण बावीस वर्षे रुग्णालयाचे पथ्याचे स्वयंपाकघर चालवलेत. मी कुठे चुकते आहे, ते दोन ओळींत कळवाल का? आईबाबांना कृपया कळवू नये. आई पुढच्याच विमानाने मला घरी बोलावील.

आपला लोभ मागण्याइतकी माझी पुण्याई नाही. रागातून थोडा वगळला तरी पुरे.

आपली भाची

———

सोमवार, २९ ऑगस्ट

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं. उघडणार नाही असं तुला वाटलंच कसं? टपालवाला पाकिटावरचं तिकीट बघून दारातच उभा राहिला होता, त्याच्यासमोर उघडावंच लागलं.

आधी एक सांगते. मला आपण-बिपण म्हणायचं नाही. माझ्या कडेवर बसून माझी वेणी तोंडात घालणारी पोरगी तू. दिसेल ते पुस्तक कुरतडायचीस म्हणून वाळवी नाव मीच ठेवलं. आणि आज मला चालवलेत, कळवाल! सहा वर्षांचं राहू दे. ते तुझ्या बापाचं आणि माझं आहे, त्यात तुझं काही नाही. घरी कळवत नाही. कळवायला तिथे माझ्याशी बोलतं कोण?

आता कामाचं. ती अकरा ओळींची पोथी आधी पेटीत टाक. स्वयंपाक करणारी माणसं वाचत बसत नाहीत गं, त्यांचे हात ओले असतात. व्याकरणाने पोट भरत असतं तर तू आत्तापर्यंत पैलवान झाली असतीस. खिडकीपुढे रांगेत उभं राहून मान खाली घालून पुटपुटू नकोस. दुपारी जेवणं आटोपली की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने जा. त्या उंच बाईला हातवाऱ्यांनी सांग, पण सांग. तुझा भात कुठल्या पातेल्यात शिजतो, तो ढवळायचा डाव आधी कशात होता, पातेलं कोण घासतं, ते डोळ्यांनी बघ. स्वयंपाकात विष कधी ताटात नसतं, ते डावात असतं. तुझ्यापुरतं एक पातेलं वेगळं करून घे. बाहेर खायची वेळ आली तर साल असलेलं खा, म्हणजे अंडं, केळं, बटाटा. त्याला कोणी मैदा लावू शकत नाही.

आणि मला एक यादी पाठव. नुसती जेवणाची नव्हे. दिवसभरात तोंडात जातं ते सगळं. दंतमंजन, गोळ्या, पाणी कुठल्या पेल्यातून पितेस ते, सगळं. रुग्णालयात आम्ही नव्या पेशंटाकडून पहिल्याच दिवशी ही यादी घ्यायचो. माणसं नेहमी एक गोष्ट विसरतात, आणि बहुतेक तीच असते.

भित्री भागूबाई होऊ नकोस. तुझ्या आजोबांनी तुला सुई धरायला शिकवलं ते काही कोपऱ्यात बसून रडायला नव्हे.

लोभ मागायचा नसतो, तो घरचाच असतो. तेव्हा पुढच्या पत्रात असलं काही लिहू नकोस.

तुझी आत्या

———

रविवार, १८ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आपण, म्हणजे तू (तीन वेळा खोडून लिहिले आहे), पाठवलेले पत्र ४ तारखेला हाती आले. वाळवी हे संबोधन वाचून मी वाचनालयात एकटीच हसले आणि तिथल्या ग्रंथपालांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले.

तुझ्या सूचनेप्रमाणे दुसऱ्याच दिवशी मी मागच्या दाराने गेले. दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा आत शिरले. उंच स्वयंपाकीण बटाटे सोलत होती. मला जे सांगायचे होते ते मी आदल्या संध्याकाळी पाठ केले होते, परंतु ऐन वेळी क्रियापद आठवेना. तेव्हा मी नुसता तिचा डाव उचलला, एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात गेल्याची खूण केली आणि पोट धरून वाकले. तिने वरच्या फळीवरून एक लहान पातेले काढले, खळखळून उकळले, माझ्या खिशातून लोंबणारा शिवणीचा दोरा ओढून घेतला आणि त्या पातेल्याच्या कानाला गाठ मारली. तेव्हापासून ते माझे पातेले. मी रोज दुपारी जाऊन ते पाहत असे. एकदा तिने मला जवळ बोलावून सांगितले की पातेले पळून जात नाही, तू जेवायला लाग.

दहा दिवस माझी प्रकृती इतकी उत्तम होती की तुला कळवण्यासाठी मी विशेषणे जमवीत होते.

आणि १५ तारखेला, गुरुवारी, मी पुन्हा आडवी झाले. आठवडाभर धरून ठेवलेला सारा धीर त्या दुपारी सुटला. १२ तारखेपासून मी पुन्हा बांधणीच्या टेबलावर आले आहे. एका शंभर वर्षांच्या नकाशांच्या पुस्तकाच्या दुमडलेल्या पानांचे फर्मे शिवायला मला दिले होते आणि ते तसेच उघडे टाकून मला खोलीत न्यावे लागले. डॉक्टरांनी बोट वर करून तीन असे दाखवले. आता एकच संधी उरली आहे.

आत्या, मी जन्मात कधी कोणाची तक्रार केली नव्हती. या वेळी केली. अंथरुणात बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, इथल्या भाषेत चार पाने लिहिली. दोरा बांधलेल्या पातेल्याचे आश्वासन देऊन विश्वासघात झाला, पथ्याच्या खिडकीवर निष्काळजी व्यक्ती असणे हे जिवाशी खेळणे आहे, हे सारे तारीखवार मांडले. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले की इतका नेटका अर्ज त्यांच्याकडे इथल्या लोकांकडूनही कधी आलेला नाही. मला थोडा अभिमान वाटला, हे तुझ्यापासून लपवत नाही. स्वयंपाकिणीला त्याच दिवशी चुलीवरून काढून भांडी घासण्याच्या मोरीवर बसवले आहे. १४ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता चौकशी आहे. तीत दोष शाबीत झाला तर तिला कामावरून कमी करतील. मला वाईट वाटते, पण एवढे सांगूनही ज्यांना कळत नाही त्यांना आणखी कसे सांगायचे? साऱ्या जगाला समजावून मी थकले आहे. गहू म्हणजे गहू. त्यात न समजण्यासारखे काय आहे?

तू मागितलेली यादी सोबत आहे. खाणावळीतला भात, बटाटे, अंडी, केळी; नळाचे पाणी माझ्याच पेल्यातून; आपल्याकडून आणलेले दंतमंजन; डॉक्टरांच्या पांढऱ्या गोळ्या, ज्यांच्या वेष्टनावरचे सर्व घटक मी भिंगातून वाचले आहेत. याखेरीज काहीही तोंडात जात नाही. यादी पूर्ण आहे, याची मी खात्री देते.

तू मागू नकोस म्हणालीस, म्हणून लोभाविषयी काही लिहीत नाही.

तुझी
वाळवी

———

रविवार, २५ सप्टेंबर

चि. वाळवीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा आवळून.

पत्र काल मिळालं. वाचलं नि चहाचा कप तसाच ठेवला. तुला पातेल्याला दोरा बांधून देणारी बाई तू मोरीवर बसवलीस? चार पानं लिहून? अगं, मागच्या दाराने जा म्हणाले होते ना मी? मग तक्रारीच्या वेळी पुढच्या दाराने का गेलीस? आधी तिला विचारायचं होतंस.

आता सहा वर्षांपूर्वीचं सांगते. तुला कोणी सांगितलं नसेल. माझ्याकडे एक म्हातारे पेशंट होते, मीठ पूर्ण बंद. तरी पाय सुजायचे. त्यांच्या मुलाने तक्रार दिली, तीही तुझ्यासारखीच छान. मला स्वयंपाकघरातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. आठ महिने. पहिला महिनाभर मी सगळ्यांशी भांडले. मग एक दिवस माझ्या मनात आलं, की इतका शिकलेला माणूस इतकं व्यवस्थित लिहितो, तर चुकलं असेल आपलंच. कुठल्या तरी डावाला मीठ लागलं असेल. रोज आठवत बसायचे, कुठला डाव, कुठला दिवस. शेवटी शेवटी मला तो डाव दिसायलासुद्धा लागला, जो कधी नव्हताच. त्याच दिवसांत तुझा बाप आला नि म्हणाला की ताई, चूक झाली असेल तर कबूल कर, उगाच कोणी एवढा कागद लिहील का. सख्खा भाऊ. त्यावर मी त्याला चहासुद्धा न विचारता पाठवला. नंतर एका नर्सला त्या म्हाताऱ्याच्या उशीखाली खारे दाणे सापडले, नातू आणून द्यायचा. मला परत बोलावलं. मी एक दिवस गेले. प्रत्येक पातेलं चार-चारदा चाखलं नि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. हात गेला होता माझा.

पुरे. आता तुझी तिन्ही पत्रं, म्हणजे दोन पत्रं नि एक यादी, मी समोर घेऊन बसले आहे. शाळेत तू पहिली आलीस ती पाठांतराने, असं मला आज वाटतंय.

चार ऑगस्ट, अठरा ऑगस्ट, पंधरा सप्टेंबर. तिन्ही वेळा तू बांधणीच्या टेबलावर. बावीस ऑगस्टपासून कागद धुवायला गेलीस, तर तीन आठवडे ठणठणीत. दोरा बांधलेलं पातेलं तर तुला पाच सप्टेंबरला मिळालं. मग त्याआधीचे दोन आठवडे काय माझ्या पत्राच्या वाटेकडे बघून बरी होतीस? पातेल्याचा नि तुझ्या पोटाचा काही संबंधच दिसत नाही मला. टेबलाचा दिसतो.

आता डोळे मिट नि तुझे आजोबा बसायचे तसं बस. सुई, दोरा, खळीची वाटी. दोऱ्याचं टोक सुईत जात नाही. काय करतेस? ओठात धरतेस ना? तुझे आजोबा आयुष्यभर ओठात धरायचे. माझी आई ओरडायची, की अहो खळीचे हात तोंडात घालू नका. आणि तू शेजारी बसून अगदी त्यांच्यासारखी मान वाकडी करून तेच करायचीस. यादीत कुठे आहे तो दोरा?

तू म्हणशील की खळ तर तांदळाची. ती तुझ्या आजोबांची. पन्नास वर्षं ते मैद्याची खळ शिजवत होते. तुला डॉक्टरांकडून आणलं त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले नि तांदळाचं पीठ मागितलं. तांदळाची रोज ताजी करावी लागते म्हणून कुरकुरायचे, पण नंतर मैद्याला हात लावला नाही. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. म्हणाले, आपल्यापायी आजोबांना काम बदलावं लागलं असं वाटलं तर पोर टेबलाशी येणारच नाही. त्यांची शपथ आज मोडते. ते रागावणार नाहीत.

तिथली खळ कशाची आहे ते विचार. आजच विचार. आणि ती मैद्याची निघाली, तर तू खरीच वाळवी. सगळ्या जगाला मैद्यावरून धारेवर धरलंस नि स्वतः पुस्तकाची खळ चाटत बसलीस.

मग काय करायचं ते मी सांगणार नाही. तू पहिली येणारी मुलगी आहेस.

तुझी आत्या

———

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र ३ तारखेला मिळाले. मी ते जिन्यातच वाचले आणि जिन्यातच खाली बसले.

तुझ्या तीन तारखांत आता चौथी मिळवावी लागेल. २९ सप्टेंबरला, गुरुवारी, मला पुन्हा त्रास झाला होता. चौथे बोट वर होईल या भीतीने मी डॉक्टरांना कळवले नाही. डोके दुखते असे सांगून दोन दिवस खोलीत राहिले. त्या दिवशी माझा भात दुसऱ्याच कोणीतरी शिजवला होता. उंच स्वयंपाकीण तेव्हा मोरीवर होती. हे माझ्या डोळ्यांपुढे होते, आणि तरी मी अंथरुणात पडून नव्या स्वयंपाक्याविरुद्ध कोणते शब्द वापरावेत याचा विचार करीत होते. स्वतःविषयी इतका वैताग मला पूर्वी कधी आला नव्हता.

जिन्यातून तशीच उठून मी बांधणीच्या दालनात गेले. तिथले मुख्य कारागीर साठीचे आहेत आणि त्यांच्याशी कामाखेरीज बोलण्याची कोणाची छाती होत नाही. खळ त्यांच्या मागच्या खोलीत शिजते आणि आमच्यापुढे वाट्यांतून येते. ती कशाची, हे विचारावे असे मला अडीच महिन्यांत एकदाही वाटले नव्हते. पाणी कशाचे असे कोणी विचारते का? मी विचारल्यावर त्यांनी फार अभिमानाने पिंप उघडून दाखवले. उत्तम मैदा, दोनदा चाळलेला, तीस वर्षे एकाच गिरणीचा. मी तो पाहिला, मग माझी बोटे पाहिली. नखांच्या कडेला सकाळची खळ वाळून पांढरी झाली होती. आम्हाला शिवायला एक सोडून एका गुरुवारी बसवतात; दुखण्याने गुरुवार का धरला होता, तेही कळले. आत्या, मी भिंगातून गोळ्यांची वेष्टने वाचत होते.

त्या दिवसापासून रबरी हातमोजे घालते आणि सुईत दोरा ओवण्यासाठी तारेचे छोटे यंत्र वापरते. सवय इतकी खोल आहे की दोरा अजूनही ओठांपर्यंत येतो; आता वाटेत मोज्याचा वास लागतो आणि मी थांबते. अकरा दिवस झाले, पोटाने चकार शब्द काढलेला नाही.

मग मी मोरीकडे गेले. मागच्या दाराने. या वेळी काहीही पाठ केले नव्हते. मोडक्यातोडक्या वाक्यांत सारे सांगितले, बोटे दाखवली, दोरा ओठात धरून दाखवला. मला वाटले होते ती रागावेल, आणि ती रागवावी अशी माझी इच्छाही होती. ती मात्र ऐकता ऐकता हातातले पातेले घासायची थांबली आणि हळू आवाजात म्हणाली की नाही, चूक तिचीच आहे. ११ सप्टेंबरच्या रविवारी गर्दी होती, तेव्हा तिने सुपाचा डाव माझ्या पातेल्यात घातला असावा. तिला आता तो डाव आठवतो. तसे तिने व्यवस्थापकांना लिहूनही दिले आहे आणि खाली सही केली आहे.

तुझ्या पत्रातला तो डाव, जो कधी नव्हताच, माझ्या डोळ्यांपुढे आला. मी तिला सांगितले की तसा डाव नव्हता. तिने मान हलवली. मी इतके नेटके लिहिले होते की तिला स्वतःवर विश्वास ठेवायला जागाच उरली नव्हती.

त्यानंतर आठवडाभर मी कार्यालयात खेटे घातले. कारकुनांनी सांगितले की दिलेली तक्रार मागे घेण्याचा नमुना त्यांच्याकडे नाही, करण्याचा आहे. आता काय सांगायचे ते चौकशीत, सर्वांसमोर, तोंडी सांगावे. शिवाय त्यांनी सहज म्हणून हेही समजावले की ज्या मुलीला खळच सोसत नाही तिने बांधणी शिकावी का, हा प्रश्न मग आपोआप उभा राहील आणि डॉक्टरांना त्यावर लिहावेच लागेल. मी गप्प राहिले तर स्वयंपाकिणीची सही पुरेशी आहे, प्रकरण मिटेल, मी मोजे घालून परीक्षेला बसू शकेन. ते फार सौजन्याने बोलत होते. तीन महिने मी ज्या ज्या सौजन्यावर चिडले, त्यांत याचा क्रमांक पहिला.

परवा दुपारी मी पुन्हा मोरीवर गेले आणि तिला विचारले की माझे पातेले आहे का. मला वाटले होते, तिने ते फेकले असेल. तिने ते मोरीच्या खालून, फडक्यात गुंडाळलेले, काढले. दोरा तसाच होता. मी सांगितले की मला त्यात तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची आहे. ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली की बरोबर आहे, तुझा कोणावर विश्वास नाही, तेव्हा गोंदसुद्धा तू आपल्याच भांड्यात शिजव. हा टोमणा मला फार आवडला. आम्ही दोघींनी तो शिजवला. गुठळ्या मी केल्या, मोडल्या तिने.

त्या खळीने मी एक छोटी वही बांधली आहे. मुख्य कारागिरांनी ती उघडली, मिटली, पाठीवर अंगठा दाबला, वास घेतला आणि परत दिली. मी दाराशी पोहोचल्यावर विचारले की ही खळ किती दिवस टिकते. रोज ताजी करावी लागते, असे मी सांगितले. आणि त्यांनी न विचारताच पुढे सांगितले की माझे आजोबा रोज ताजी करीत.

आज दहा वाजता चौकशी आहे. त्या वहीत मी काय बोलायचे ते लिहिले होते, चार पाने. सकाळी फाडून टाकली. आता एकच ओळ आहे. तिच्या हाताला दोष नाही, माझ्या हाताला आहे. एवढे इथल्या भाषेत अडखळत म्हणता येईल. माझे काय करायचे ते त्यांनी मग ठरवावे. वही आणि पातेले मी टेबलावर ठेवणार आहे. परत पाठवले तर आजोबांचे दुकान मी परीक्षेशिवाय उघडीन. तिथली खळ तरी मला सोसते.

बाबांना याच टपालाने वेगळे पत्र टाकते आहे. त्यात तुझ्या आठ महिन्यांविषयी तू लिहिलेस ते अक्षरशः उतरवले आहे, खारे दाणेही. तुझी परवानगी घेतली नाही, क्षमा मागते. ते तुझ्या दारी आले, तर चहा विचारायचा की नाही, हे तू ठरव.

यादी अपूर्ण पाठवली होती, ती आता पूर्ण करते. भात, बटाटे, अंडी, केळी, पाणी, दंतमंजन, गोळ्या आणि दोरा.

चौकशीनंतर हे पत्र टाकणे सोयीचे झाले असते, म्हणजे निकालही कळवता आला असता. परंतु मी स्वतःला ओळखते. चौकशीच्या दालनाच्या दाराशी मी दोनदा परत फिरेन. हे पत्र एकदा पेटीत पडले की मी बोलले असे तू धरून चालशील, आणि मग मला बोलावेच लागेल. टपालपेटी दालनाच्या जिन्याखालीच आहे.

या वेळी लोभ हक्काने गृहीत धरते.

तुझी
वाळवी

पेटीत टाकले : शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९९४, सकाळी नऊ वाजून सत्तावन्न मिनिटे.